कानवाल्या बाईंची फेरतपासणी

त्या दवाखान्यात तीन बाई होत्या. एक केसपेपरवाल्या, एक इंजेक्शनवाल्या आणि तिसऱ्या कानवाल्या बाई. लहान मुलांना नीट ऐकू येतं की नाही हे तपासणं, एवढंच त्यांचं काम. नोकरीच्या सुरुवातीला त्या या नावावर वैतागायच्या. "म्हणजे बाकीच्यांना काय कान नाहीत?" असं म्हणायच्या. पण सतरा वर्षांत ते नाव अंगाला असं चिकटलं, की कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर त्याच मागे वळून बघत, कोणाला बोलावलंय म्हणून.

त्या राहायच्या ती वसाहत विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नव्हती. सहा इमारती, प्रत्येक चार मजली. उतरणारं विमान तिथवर येईपर्यंत इतकं खाली आलेलं असायचं, की त्याच्या पोटातून चाकं बाहेर पडताना दिसत. नवा पाहुणा आला की दारात चपला काढण्याआधी मान खाली घालायचा. वसाहतीतली माणसं मात्र बोलता बोलता मध्येच थांबायची, विमान जाऊ द्यायची आणि जिथे शब्द सोडला होता तिथूनच पुढे उचलायची. भांडणंही तशीच, तुकड्यातुकड्यानं. बाईंचे यजमान विजेची कामं करत. ते म्हणायचे, "आमचा संसार विमानांनी टिकवला. तोंडाशी आलेला शब्द तेवढ्या वेळात गिळता येतो."

लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पहिले तीन महिने बाई रडत होत्या. कानात कापूस घालून झोपायच्या, तरी दचकून उठायच्या. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होईल गं सवय." आणि खरंच झाली. दोनेक वर्षांनी बहीण राहायला आली, सकाळी लाल डोळ्यांनी उठली आणि म्हणाली, "ताई, तू झोपतेस कशी इथे?" तर बाईंनी विचारलं, "का? काय झालं?" बहिणीनं कपाळावर हात मारला. बाईंना मात्र त्या दिवशी मनातून बरं वाटलं. कडू औषध एका घोटात पिऊन टाकल्यावर माणसाला वाटतं तसं. पुढे इमारतीत नवा भाडेकरू आला की त्याला धीर द्यायला याच जायच्या. "सहा महिने कळ काढा. मग डोक्यावर विमान पडलं तरी कळायचं नाही."

दवाखाना तिथून तीन थांब्यांवर होता. तिथे विमानांचा काही त्रास नव्हता. तपासणीची खोली म्हणजे खोलीतली खोली, मोठ्या कपाटाएवढी. भिंती जाड, खिडकीला दुहेरी काच, दाराच्या कडेनं रबराची पट्टी. आत छोट्या खुर्चीवर मूल, कानाला हेडफोन, मांडीवर मण्यांची वाटी आणि समोर रिकामं भांडं. बाहेर बाई, हाताशी मशीनची बटणं. बाई प्रत्येक मुलाला तेच सांगायच्या, पण दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. "आवाज आला की मणी टाकायचा. बारीक आला तरी टाकायचा, जाड आला तरी टाकायचा. नाही आला तर नाही टाकायचा. मला खूश करायला टाकायचा नाही हं."

त्यात त्यांचा हातखंडा होता. घाबरट पोरगं, रडकं पोरगं, उगाच मूठभर मणी ओतणारं पोरगं, सगळी त्यांच्यापुढे शहाणी होत. पोराची पापणी हलली तरी बाईंना कळायचं, की याला ऐकू आलंय पण मणी टाकायला लाजतंय. तपासणी झाली की त्या आलेखावर खुणा करत, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, आणि खाली सही. कानाच्या डॉक्टरांचा त्या सहीवर इतका भरवसा, की ते आलेख बघायचे आणि औषध लिहायचे. दुसरा प्रश्न नसायचा.

मग विमानतळाची दुसरी धावपट्टी सुरू झाली. वारा फिरला की विमानं आता दवाखान्यावरून यायला लागली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची धांदल उडाली. इंजेक्शनवाल्या बाईंचा हात दचकायचा, केसपेपरवाल्या बाईंना लोकांची नावं दोनदा विचारावी लागायची. कानवाल्या बाई तेवढ्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही नव्या आहात. मी यातली जुनी मुरलेली." पंधरा दिवसांत बाकीच्याही मुरल्या. विषय मागे पडला.

त्यानंतर काही महिन्यांनी टकळी आली. सात वर्षांची मुलगी. घरात तोंडाची टकळी अखंड चालू म्हणून आजीनं ते नाव ठेवलं होतं. आई एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. मनगटावर चटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. शाळेतून चिठ्ठी आली होती, की मुलगी वर्गात लक्ष देत नाही, हाक मारली तर उत्तर देत नाही, कान तपासून घ्यावेत. आई म्हणाली, "घरी तर सगळं ऐकते ही. नको ते जास्तच ऐकते."

बाई हसल्या. "आयांना वाटतंच तसं. बघू या."

बारीक, उंच सूर टकळीनं पटापट टिपले. जाड, खालच्या सुरांना मात्र ती अडखळली. कधी टाकायची, कधी मणी हातात धरून छताकडे बघत बसायची. बाईंनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे मणी पडला. डॉक्टर म्हणाले, पडद्यामागे पाणी झालं असेल. दोन महिने औषध दिलं. परत तपासणी झाली, परत तेच. मग दोन्ही कानांना यंत्रं बसली.

तीन आठवड्यांनी आई मुलीला ओढतच घेऊन आली.

"बाई, ही यंत्र ठेवतच नाही कानात. सारखी उपसून काढते. काल तर गादीखाली लपवलं."

"का गं?" बाईंनी विचारलं.

टकळी आईच्या मागे लपून म्हणाली, "त्याच्यात विमान आहे."

बाईंना कौतुक वाटलं. मुलं काय काय बोलतात! यंत्राचा आवाज त्यांनी एक घर खाली केला, मुलीच्या गालाला हात लावला आणि आईला म्हणाल्या, "सुरुवातीला सगळीच मुलं कुरकुर करतात. काढू द्यायचं नाही. तुम्ही हळव्या झालात की तिचं नुकसान. होईल सवय."

त्या दिवशी वारा दुसरीकडचा होता. आकाश शांत होतं.

तपासणीचं मशीन वर्षातून एकदा जुळवून घ्यावं लागे. नेहमीचा माणूस निवृत्त झाला म्हणून त्या वर्षी दुसरा आला, लांबून, मुक्कामाची पिशवी घेऊन. पन्नाशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. मशीन उघडून त्यानं आपल्या उपकरणांनी सगळं तपासलं, बंद केलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, मी आत बसतो. तुम्ही नेहमीसारखी तपासणी घ्या माझी."

तो आत बसला. बाईंनी जाड सुरांपासून सुरुवात केली. दोनदा त्यानं हात वर केला. तिसऱ्यांदा बाईंनी बटण दाबलं तर तो हेडफोन काढून दार उघडून बाहेर आला.

"थांबा ना, मॅडम."

"का? काय झालं?"

"विमान जाऊ द्या की."

"कुठलं विमान?"

बाई चेष्टा करताहेत का, हे तो क्षणभर बघत राहिला. मग त्यानं बोट वर केलं. बाईंनी वर बघितलं. खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती. आणि तेव्हा, बघितल्यानंतर, त्यांना तो आवाज ऐकू आला. छप्पर भरून राहिलेला, पोटात उतरणारा. तो कधीपासून चालू होता ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्या माणसानं आवाज मोजायचं उपकरण आतल्या खुर्चीवर ठेवलं, दार लावलं आणि काचेतून आकड्यांकडे बघत दोघं उभे राहिले. तीन मिनिटांनी पुढचं विमान आलं. आकडे चढत गेले. त्यानं दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. काळा भुगा हातात आला.

"रबर गेलंय. पण नुसतं रबराचं नाही हे. ही खोली असल्या आवाजासाठी बांधलेलीच नाही. बारीक आवाज अडतात, जाड आवाज भिंतीतून येतो. आत बसलेल्याला तुमचा खालचा सूर कळणारच नाही. विमानाखाली दबून जाईल." मग त्यानं कागद पुढे ओढला. "विमान जाईपर्यंत तुम्ही तपासणी थांबवता ना? तसं लिहावं लागतं इथे."

बाईंनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्यानं 'हो' लिहिलं असतं. त्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती. बाई मशीनच्या बटणांकडे बघत उभ्या होत्या. दुसरी धावपट्टी सुरू होऊन चौदा महिने झाले होते.

"लिहा," त्या म्हणाल्या, "मी थांबवत नव्हते."

त्या दिवशी त्या घरी गेल्या नाहीत. फायलींचं कपाट उघडून जमिनीवर बसल्या आणि चौदा महिन्यांचे आलेख काढले. जाड सुरांत कमी ऐकू येतं असं निघालेली मुलं वेगळी केली. मग तारखा बघितल्या. एकाच दिवशी तीन मुलं. आणखी एका दिवशी चार. मग दहा-दहा दिवस एकही नाही. मग परत एका दिवशी तीन. कानाचं दुखणं काही असं दिवस बघून येत नाही. वारा येतो. सगळी मिळून एकतीस मुलं झाली. बारावा कागद टकळीचा होता. दुसऱ्या तपासणीचा दिवसही तसाच निघाला, त्याच दिवशी आणखी दोघं होती. "त्याच्यात विमान आहे," हे वाक्य बाईंना आठवलं आणि तो कागद त्यांच्यानं खाली ठेववेना.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"यातल्या बऱ्याच मुलांना नुसतं औषध दिलंय आपण. पाण्यासारखं औषध. काही बिघडलेलं नाही त्यानं. ज्यांना शंका येईल ते येतीलच परत. कशाला उकरून काढायचं, बाई?"

"यंत्रं किती जणांना दिली?"

"सहा-सात असतील."

"सात आहेत. त्यातली किती खरी, किती खोटी, ते मला आज सांगता येत नाही."

"पत्र पाठवायचं म्हणजे आपण चुकलो हे लिहून देणं झालं. वरून विचारणा होईल. काय सांगू मी?"

"मी चुकले म्हणून सांगा. खाली सही माझी आहे."

डॉक्टरांनी वरचा कागद ओढून सही बघितली. मग म्हणाले, "त्याच्याखाली माझी पण आहे." आणि फेरतपासणीसाठी आठवड्याच्या दोन दुपारी त्यांनी मोकळ्या करून दिल्या.

आता अडचण वेगळीच होती. खोली तीच, रबर नवं बसवलं तरी भिंती त्याच. विमान येताना हात थांबवायचा, हाच एक उपाय. आणि नेमका तोच भरवसा बाईंना स्वतःचा उरला नव्हता. घरी त्यांनी प्रयत्न करून बघितला. भाजी निवडत बसायच्या, कान देऊन. एक विमान ऐकू यायचं, दुसरंही यायचं आणि तिसऱ्या वेळी यजमान म्हणायचे, "गेलं की आत्ता." वीस वर्षांत जे घालवलं ते पंधरा दिवसांत कसं परत येणार?

सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असत. उभी हयात त्यांनी पत्रे ठोकायच्या कारखान्यात काढली होती. त्यात कान इतके गेले, की सून कानवाली आणि सासरा बहिरा, हा वसाहतीतला कायमचा विनोद होता. यंत्र लावा म्हटलं की म्हणायचे, "इतकी वर्षं ऐकलं, त्यातलं काय कामाचं निघालं?" तर हे सासरे कठड्यावर हात ठेवून बसायचे आणि अधूनमधून स्वतःशीच म्हणायचे, "आलं." आणि खरंच यायचं.

बाई त्यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं बोलल्या. "बाबा, तुम्हाला कसं कळतं?"

"आधी दिसतं की. त्या पाण्याच्या टाकीमागून निघतं. मग कठडा हाताला गुदगुल्या करतो. तुम्ही लोक कानावर विसंबता आणि झोपा काढता."

बाई म्हणाल्या, "माझ्याबरोबर दवाखान्यात याल? आठवड्यातून दोन दुपारी."

"कान तपासायला? मुळीच नाही."

"माझे तपासायला," बाई म्हणाल्या.

अशी ती जोडी निघायची. दवाखान्याच्या जिन्यात, मोठ्या खिडकीशी सासऱ्यांची खुर्ची ठेवली. तिथून लांबवरचं आकाश दिसायचं आणि दार उघडं ठेवलं की बाईंना सासरे दिसायचे. विमान दिसलं की ते हात वर करत. बाई बटणावरचं बोट उचलत. विमान डोक्यावरून जायचं, जिन्याच्या कठड्याची थरथर थांबायची, मग हात खाली यायचा. म्हातारबुवांनी या कामात एकदाही डुलकी घेतली नाही. चहा विचारला तर डोळे न हलवता पेला घ्यायचे. केसपेपरवाल्या बाई म्हणाल्या, "बहिऱ्यानं राखण करायची आणि कानवालीनं काम करायचं, हे इथेच बघितलं." पण ते हसून म्हणाल्या नाहीत.

एकतीस पत्रं गेली. पहिल्या दीड महिन्यात तेवीस मुलं आली. पंधरा जणांचे कान धडधाकट निघाले. आठांना खरोखरच कमी ऐकू येत होतं. लोक काय काय बोलले! कोणी आभार मानले, कोणी हसून सोडून दिलं, एका आजोबांनी "तुमच्या घरचं कोणी असतं तर?" असं विचारून कागद टेबलावर आपटला. बाई प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होत्या, न वळवता, न झाकता. "आधीची तपासणी मी विमानाच्या आवाजात केली. माझी चूक झाली."

टकळीची आई पहिल्या पत्राला आली नाही, दुसऱ्यालाही नाही. लाँड्रीतून अर्धा दिवस सुटी मिळणं तिला सोपं नव्हतं. तिसऱ्या पत्रानंतर आली, मुलीला घेऊन. मुलगी मुकाट्यानं चालत होती. दोन्ही कानांत यंत्रं होती.

बाईंनी ती आपल्या हातानं काढली. मुलीनं मान आखडून घेतली. आत बसवून तेच सांगितलं, मला खूश करायला टाकायचा नाही हं. आणि मणी पडायला लागले. उंच सूर, मधले सूर, खालचे सूर. बाई आवाज कमी करत गेल्या, आणखी कमी, बटणावरच्या शेवटच्या खुणेपर्यंत. मणी पडतच राहिले. मध्येच टकळीनं हातातला मणी तसाच धरला आणि छताकडे बघितलं. बाईंनी जिन्याकडे बघितलं. सासऱ्यांचा हात मांडीवर होता. पाचेक सेकंद गेले आणि मग तो वर झाला. विमान जिन्याच्या खिडकीतून दिसायच्या आधी, जाड भिंतींच्या आत बसून, त्या मुलीनं ते ऐकलं होतं.

पहिल्या तपासणीच्या दिवशीही ती अशीच मणी धरून छताकडे बघत बसली होती. बाईंनी तेव्हा काय केलं होतं, तर आवाज वाढवला होता.

त्यांनी आईला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"हिचे कान चांगले आहेत. आधीची तपासणी मी विमानाच्या आवाजात केली. माझी चूक झाली."

"म्हणजे यंत्र नको आता?"

"नको. कधीच नको होतं."

आईनं मुलीकडे बघितलं, मग टेबलावरच्या यंत्रांकडे. "सात महिने," ती म्हणाली.

"हो."

"वरून विमान गेलं की ही ओरडायची. उपसून टाकायची. तुम्ही म्हणालात काढू द्यायचं नाही."

"मी म्हणाले."

"मी हिला मारलं, बाई. मारलं त्याचं एवढं नाही, मी दुसऱ्या कशापायीही मारते. पण मी हात बांधले हिचे. दोनदा. कापडानं मागे बांधले, म्हटलं तासभर तरी राहील कानात." तिचा आवाज चढला नव्हता. इस्त्री केलेला कपडा घडी घालून ठेवावा तसं एकेक वाक्य ती ठेवत होती. "तुम्ही चुकले म्हणालात, मोकळ्या झालात. मी हिला काय सांगू?"

 बाई खाली बसल्या, टकळीच्या उंचीला आल्या.

"तू खरं सांगत होतीस," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाही. आईला मीच चुकीचं सांगितलं. आईनं माझं ऐकलं, म्हणून तसं झालं."

टकळीनं विचार केला. "मग हे देऊ परत?"

"दे."

तिनं दोन्ही यंत्रं उचलून बाईंच्या तळहातावर ठेवली आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"कान बिघडले तर नाहीत ना यानं?" आईनं विचारलं.

इथेही सोपं उत्तर देता आलं असतं. बाईंनी आलेख दाखवला. "उजव्या कानाला, अगदी वरच्या सुराला, इथे हा एक ठिपका किंचित खाली आहे. आधीपासून असेल, यंत्रानं झालं असेल, मला खात्रीनं सांगता येत नाही. रोजच्या ऐकण्यात काही अडणार नाही. पण दर सहा महिन्यांनी बघत राहिलं पाहिजे."

आईनं कागद घेतला आणि मुलीचा हात धरून जिना उतरली. जिन्यात सासऱ्यांनी टकळीला बघून हात वर केला, विमान नसताना. ती थांबून त्यांच्याकडे बघत राहिली; आईनं ओढलं तेव्हा गेली.

त्या संध्याकाळी घरी येताना सासरे म्हणाले, "ती बाई काय बोलली मला ऐकू आलं नाही. पण तू बराच वेळ जमिनीवर बसली होतीस." बाईंनी मान हलवली. 

मग मुलगी वर्गात का उत्तर देत नव्हती, हा प्रश्न उरलाच. बाई रजा टाकून शाळेत गेल्या. टकळीचा वर्ग मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीत भरत होता. बाई शेवटच्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या. आठ-दहा मिनिटांनी विमान आलं आणि पत्रा वाजायला लागला. फळ्यापुढच्या शिक्षिकेचे ओठ हलत होते. पुढच्या रांगेतल्या मुलांनी माना हलवल्या, वह्या उघडल्या. मागच्यांनी पुढच्यांचं बघून वह्या उघडल्या. टकळी खिडकीतून बाहेर बघत होती.

मधल्या सुटीत शिक्षिका म्हणाल्या, "काय करू? दर वेळी थांबले तर धडा कधी संपायचा? आता आम्हाला सवय झालीय."

बाईंनी त्यांना दोष दिला नाही. कोणत्या तोंडानं देणार होत्या? पण आवाज मोजायचं उपकरण मागवून घेऊन त्या आणखी तीन वेळा त्या खोलीत बसल्या, आकडे लिहिले आणि डॉक्टरांची सही घेऊन पत्र मुख्याध्यापकांना दिलं. दोन महिने पत्र इकडून तिकडे फिरलं. शेवटी मुख्य इमारतीतली खेळाचं सामान ठेवायची खोली रिकामी केली आणि वर्ग तिथे आला. सामान पत्र्याच्या खोलीत गेलं. चेंडूंना काय, विमान गेलं काय आणि आलं काय!

बाईंना वरून लेखी समज मिळाली. ती त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात कायमची राहिली. दोन वर्षं बढती अडली. दवाखान्यातली ती खोली बंद केली आणि बाईंना दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे तपासणीची खोली तळघरात होती. जायला दीड तास, यायला दीड तास. एकतीसपैकी उरलेल्या सात मुलांच्या घरी त्या सुटीच्या दिवशी पत्ते शोधत गेल्या. सहा सापडली. सातव्या मुलाचं कुटुंब घर सोडून गेलं होतं आणि कुठे गेलं ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. त्याचा कागद बाईंनी फायलीत ठेवला नाही, आपल्या टेबलाच्या खणात ठेवला.

घरी मात्र एक झालं. विमानं ऐकायची म्हणून त्यांनी कानाला जी शिस्त लावली, ती नंतर सुटेना. आता प्रत्येक विमान ऐकू यायचं. पहाटेचं पहिलं आलं की झोप उडायची ती उडायचीच. यजमान कुशीवर वळून म्हणायचे, "अगं, होईल परत सवय."

"नको," बाई म्हणायच्या आणि उठून चहा टाकायच्या.

टकळीच्या आईनं बाईंना क्षमा केली असं म्हणता येणार नाही. पण दर सहा महिन्यांनी ती यायची. जवळचा दवाखाना सोडून, दोन बस बदलून, त्या लांबच्या रुग्णालयात, बाईंकडेच. चहा विचारला तर नको म्हणायची. बसा म्हटलं तर उभी राहायची. तपासणी चालू असताना काचेतून मुलीच्या हाताकडे एकटक बघायची. मुलगी आता परत बोलायला लागली होती. तिसऱ्या खेपेला तर ती तळघरातल्या शिपायाला आपल्या वर्गातली सगळी भांडणं सांगत बसली होती.

चौथ्या खेपेपर्यंत आई आलेख वाचायला शिकली होती. बाईंच्या हातातून कागद घेऊन तिनं उजव्या कानाच्या लाल गोलांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या गोलाशी थांबवलं. दुसऱ्या हातात मागचा कागद होता.

"इथला तेवढाच आहे ना? मागच्या वेळेइतकाच?"

"तेवढाच आहे."

"तपासताना वरून काही गेलं नाही?"

"इथे खाली येत नाही आवाज. तरी मी थांबून बघितलं दोनदा."

तिनं दोन्ही कागद एकत्र घडी घातले, पिशवीत सरळ बसतील असे ठेवले आणि मुलीला हाक मारली. दाराशी गेल्यावर, मागे न बघता म्हणाली, "बरं. मग सहा महिन्यांनी येते."